आधी हातातलं खाली

“आधी हातातलं खाली, मग वळायचं.”

सिस्टर हे कुणाला उद्देशून म्हणायच्या नाहीत. स्वतःलाच सांगायच्या, ओठातल्या ओठात. दुधाचं पातेलं उतरवताना दारावरची बेल वाजली की एकदा, कुंड्यांना पाणी घालताना खालून वॉचमनने हाक मारली की एकदा. म्हणताना त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट सरळ व्हायचं. हातात झारी असो, इस्त्री असो नाहीतर भाजीची पिशवी, बाकीची बोटं मूठ धरून आणि ते एक बोट कडेला ताठ, जणू तिथे काहीतरी आहे आणि त्याला चुकूनही लागायचं नाही.

तुम्ही आमच्या सोसायटीत राहत असाल, तर ते बोट तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना संधिवात असावा असं काहीजणांचं मत होतं. मला खरं कारण ठाऊक आहे, कारण त्याच सुमारास माझंही बोट तसं झालं होतं.

सिस्टर घणसोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही तिसऱ्या. सरकारी हॉस्पिटलात नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. माहेर चिपळूणकडचं, तिथे थोरला भाऊ आणि वहिनी. दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचायची वेळ कुणावर यायची नाही. सेक्रेटरीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, आणि लहान मुलं ‘सिस्टर आजी’ म्हणायची.

आणि सिस्टर म्हटलं की त्या वळायच्या.

हे लिहिताना फार साधं वाटतं. पण आपण सगळे हाक ऐकल्यावर काय करतो ते एकदा बघा. आपण मान वळवतो. काहीजण तेवढीही वळवत नाहीत, नुसतं “हं?” म्हणतात. मी तर ऐकू आलं नाही असं दाखवते. सिस्टर अख्ख्या वळायच्या, टाचेपासून, आणि हातात जे असेल ते त्यांच्याबरोबर अर्धा गोल फिरून हाक मारणाऱ्यासमोर उभं राहायचं. एकदा त्या गेटजवळच्या झाडांना पाइपने पाणी घालत होत्या. सेक्रेटरींनी मागून “सिस्टर” म्हटलं आणि सेक्रेटरी कमरेपर्यंत भिजले. ते काही बोलू शकले नाहीत, कारण बीपी मोजून घ्यायला आले होते.

“थांबा, पुसते,” सिस्टर म्हणाल्या, आणि टॉवेल आणायला वळल्या, पाइपासकट.

ही गोष्ट त्यांच्या बोटाच्या आधीची.

मी तोवर त्यांच्याशी जिन्यात हसण्यापलीकडे कधी बोलले नव्हते. मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये काम करते. तिथलं बहुतेक बोलणं ईमेलवर होतं, आणि ते मला बरं वाटतं. नेमबाजी शिकायचं मी ठरवलं तेही त्यामुळेच. टीव्हीवर एक स्पर्धा चालू होती. मुली ओळीत उभ्या होत्या आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला वाटलं, असा खेळ असतो तर मला कुणी आधी का नाही सांगितलं. वाशीच्या एका क्लबात एअर पिस्तुलाचा प्राथमिक वर्ग असतो, असं मी शोधून काढलं. फोन न करता नाव नोंदवता येत होतं, म्हणून नोंदवलं. घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं असतं तर खूप बोलावं लागलं असतं.

वर्ग सुरू व्हायच्या महिनाभर आधी माहितीसाठी सगळ्यांना एकदा बोलावलं होतं. तळघरातला लांबट हॉल, एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला कागदी निशाणं. मी शेवटच्या खुर्चीवर बसले. बाकी सगळी कॉलेजची पोरं-पोरी, आणि पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर धरून, सिस्टर.

मी मागच्या मागे निघून जायचा विचार करत होते, तेवढ्यात शिकवणारे सर आले. सर उरणचे, बारीक अंगाचे, पायात साध्या चपला. बोलणं त्यांच्या गावचं, आणि ते त्यांनी वाशीसाठी बदललेलं नव्हतं.

“पिस्तूल नंतर बगू,” ते म्हणाले. “आधी तुमाला बगू.”

मग त्यांनी नियम सांगितले. “पिस्तूल रिकामा दिसला तरी भरलेला समजायचा. नेम धरीपर्यंत बोट चापाच्या बाहेर, सरल. नली कायम निशानाकडं. मागून कोनी हाक मारली, आय आली, बाप आला, तरी वलायचा नाय. आधी हातातला खाली, मंग वलायचा.”

हॉलमधली पोरं हसली. सर हसले नाहीत.

“हसू नका. मानूस वलला का हात वलतो, हात वलला का नली वलते. नली कोनाला वलखत नाय.” ते पुढे म्हणाले, “आनि कोनाला काय चुकीचा दिसला, तर मोठ्यान ‘स्टॉप’ बोलायचा. कालचा आलेला असो का धा वर्सांचा. स्टॉप ऐकला का सगल्यांनी खाली ठेवायचा. का, कशाला, ते मंग विचारायचा.”

पहिल्या दिवशी प्रत्येकाची परीक्षा होणार होती. रिकामं पिस्तूल हातात देऊन सर मागून हाक मारणार. जो वळेल तो घरी, पुढच्या बॅचला परत यायचं. आणि ज्याचा ‘स्टॉप’ हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येणार नाही, तोही घरी.

परतीच्या बसमध्ये सिस्टर माझ्याच शेजारी येऊन बसल्या. मी खिडकीबाहेर बघत होते.

“तिसऱ्या मजल्यावरची ना तू?”

“हो.”

“काय म्हणालीस?”

“हो म्हटलं.”

“एवढाच आवाज आहे?”

मी मान हलवली.

“मग तू गेलीस घरी,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मी पण गेले. मला तर वळायचा रोगच आहे.” जरा वेळाने त्या म्हणाल्या, “पण बघ, बरंच झालं की. संध्याकाळी ये माझ्याकडे. तू मागून हाक मार, मी वळत नाही.”

तर अशी आमची तयारी सुरू झाली. रोज ऑफिसातून आल्यावर मी खाली जायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाक शिकते, असा आईने स्वतःच समज करून घेतला होता, आणि मी तो दुरुस्त केला नाही.

सिस्टरांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही भिंतीवर एक काळी टिकली लावली. हे आमचं निशाण. आधी समोरच्या भिंतीवर लावणार होतो, पण तिथे त्यांच्या आईवडिलांचा फोटो होता.

“तिकडे नको,” सिस्टर म्हणाल्या. “सर म्हणाले ना, कुणाकडे रोखायचं नाही.”

“ते फोटोत आहेत.”

“म्हणून काय झालं? बघतात तर ना.”

मग टिकली दाराजवळच्या भिंतीवर गेली. पिस्तूल साधारण किलोभर जड असतं, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणून पाण्याने भरलेली लिटरची बाटली मानेला धरून हात खांद्याच्या रेषेत पुढे काढायचा आणि टिकलीकडे बघत उभं राहायचं, दुसरा हात खिशात. सिस्टरांच्या साडीला खिसा नव्हता, त्या तो हात कमरेला खोचायच्या. थोड्या वेळातच माझा हात थरथरायला लागायचा. त्यांचा नाही. त्यांनी आयुष्यभर सलाइनच्या बाटल्या वर धरलेल्या होत्या.

“श्वास सोड,” त्या सांगायच्या. “अर्धा सोड आणि थांब. सुई टोचायची जागा तीच.”

“पेशंटचा श्वास का आपला?”

“दोघांचा एक झाला की दुखत नाही.”

हे चांगलं चाललं होतं. वाईट चाललं होतं ते दुसरं. त्या बाटली धरून टिकलीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, मी स्वयंपाकघराच्या दारात. मी “सिस्टर” म्हणायचे. काहीच व्हायचं नाही.

“अगो, मार ना हाक.”

“मारली.”

“मला नाही आली.”

पुन्हा मारायचे. पुन्हा. शेवटी जरा मोठी हाक निघाली की सिस्टर गर्रकन वळायच्या, बाटली थेट माझ्या छातीकडे.

“मेलीस,” त्या म्हणायच्या, आणि खुर्चीवर बसून हसायच्या. “दोघी नापास. चहा पिणार?”

आम्ही नाना उपाय केले. मी हाक मारायच्या आधी सांगायचं, असं ठरवलं. “आता मारते.” तरी त्या वळायच्या. त्यांनी कानात कापूस घातला, तर माझी हाक ऐकूच येईना, आणि त्या दिवशी मी जिंकले की त्या, हे ठरलं नाही. एकदा बी-विंगमधल्या एक काकू साखर मागायला आल्या. दोन बायका हातात बाटल्या धरून टिकलीकडे टक लावून उभ्या आहेत हे पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या.

“ध्यान चाललंय होय? मला पण सांगा की.”

“यात डोळे मिटायचे नसतात,” सिस्टर म्हणाल्या. त्या वळल्या होत्याच.

आमची तयारी मोडायला बाहेरचं कुणी ना कुणी यायचंच. वॉचमनला चक्कर यायची, कुणाच्या सुनेला इंजेक्शन द्यायचं असायचं, कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवायचा असायचा. कुणी दारातूनच “सिस्टर, जरा” म्हणायचं. त्या ‘जरा’ला सिस्टर कधी नाही म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. कुणी त्यांना तसं म्हणूही दिलं नसतं. मी मात्र एवढे दिवस त्यांच्या मागे उभी होते, म्हणून मला एक दिसलं. हाक आली की वळायच्या आधी क्षणभर त्यांचे खांदे खाली पडायचे. समोर येईपर्यंत चेहरा नीट झालेला असायचा. समोरून बघणाऱ्याला ते कधी कळलं नसणार.

एका संध्याकाळी मी विचारलं, “तुम्ही हे का शिकताय?”

“गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी. म्हटलं, नुसतं उभं राहायचा एखादा खेळ असेलच की. वाशीला जाताना बोर्ड दिसला.”

मी काही बोलले नाही. न बोलण्याचा एक फायदा असतो, समोरचं माणूस पुढे बोलतं.

“ते आधीचं,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी सरांनी तो नियम सांगितला ना, हाक आली तरी वळायचं नाही, तेव्हा मला वाटलं, अशी पण जागा असते? तिथं तास-दीड तास कुणी कितीही हाका मारल्या तरी मी वळायचं नाही. नियमच आहे म्हटल्यावर कुणाला वाईटही वाटणार नाही.” त्यांनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. “मला तिथं जायचंच आहे बघ. एकदा तरी.”

मग त्यांनी वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. नोकरीची पहिलीच वर्षं. सिस्टर औषध मोजत होत्या, मागच्या खाटेवरून त्या बाईंनी हाक मारली. सिस्टर “आले” म्हणाल्या, मोजणं पुरं केलं आणि वळल्या.

मी मनाची तयारी केली. अशा गोष्टींचा शेवट काय असतो ते आपल्याला माहीत असतं.

“तिला पाणी हवं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “मी वळेपर्यंत शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिलं होतं. संपलं. काही झालं नाही. पण घरी जाईपर्यंत तिनं मला परत एकदाही हाक मारली नाही. काही लागलं तर त्या शेजारणीला सांगायची. माझ्याशी बोलायची चांगली, हसायची. हाक नाही मारली.”

“तेवढंच?”

“तेवढंच. तेव्हापासून मी वळते.”

त्यानंतर मला हाक मारणं आणखीच कठीण झालं. पण सिस्टरांनी त्या दिवसापासून ते वाक्य धरलं. सरांचं वाक्य, पण आपल्या बोलीतलं. “आधी हातातलं खाली, मग वळायचं.” पोळी लाटताना, इस्त्री करताना, केर काढताना. बेल वाजली की बोट ताठ, ओठ हलायचे, लाटणं पोळपाटाच्या कडेला टेकायचं आणि मग त्या वळायच्या. दहा वेळा नीट जायचं, अकराव्या वेळी लाटणं हातात घेऊनच दार उघडायच्या. दारातल्या माणसाचा चेहरा बघून त्यांना कळायचं. “राहिलं वाटतं हातात,” त्या म्हणायच्या.

रविवारी वर्ग सुरू होणार होता. शनिवारी संध्याकाळी शेवटचा सराव. सिस्टरांनी दुपारीच साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी खायची म्हणून. उपवास कुणाचाच नव्हता.

त्या बाटली धरून उभ्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने तो स्पीकरवर घेतला, उजवा हात तसाच पुढे.

“बोल दादा.”

चिपळूणहून भाऊ बोलत होते. वहिनी अंगणात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन त्याच दिवशी सकाळी झालं होतं, नीट झालं होतं. मंगळवारी घरी सोडणार होते. पुढे दोन-तीन महिने सगळं अंथरुणातच.

“बाई ठेवता येईल गं,” भाऊ म्हणाले, “पण तू असताना बाई कशाला? तुझं तिथं तरी काय अडलंय?”

“नाही, अडलं काही नाही.”

“मग सकाळची पहिली एसटी धर. ही पण तुझंच नाव घेते आहे.”

“हो, हो. येते. उद्या सकाळीच निघते,” सिस्टर म्हणाल्या.

आणि मी त्यांना वळताना पाहिलं. भाऊ त्या खोलीत नव्हते, चिपळूणला होते, तरी त्या वळल्या, फोनकडे, पूर्ण, टाचेपासून. बाटलीचा हात त्यांच्याबरोबर फिरत आला, टिकलीवरून सुटला, कपाटावरून, फोटोवरून.

“स्टॉप.”

हे मी म्हटलं होतं, हे मला जरा उशिरा कळलं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. फोनमधून भाऊ म्हणाले, “कोण आहे गं तिथं?”

सिस्टर जिथे होत्या तिथेच थांबल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, तोंड टिकलीकडे करून. बोट ताठ होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि ‘का’ असं त्यांनी विचारलंच नाही.

“दादा,” त्या म्हणाल्या, “मी सोमवारी येते.”

“सोमवारी? अगं, मी इथं एकटा—”

“मंगळवारी सोडणार आहेत ना घरी? त्याच्या आधी पोचते. उद्या मला काम आहे.”

“रविवारचं कसलं काम?”

“आहे एक. धरलेलं आहे, ते खाली ठेवून येते.”

भावाला काही कळलं नसावं. फोन ठेवल्यावर सिस्टरांनी दार उघडून समोरच्या काकांना सांगितलं की काही झालं नाही, नाटक बसवतोय. मग आम्ही खिचडी खाल्ली. माझा घसा दुखत होता.

“होता की आवाज,” त्या म्हणाल्या. “कुठं ठेवला होतास?”

रविवारी हॉलमध्ये सरांनी एकेकाला बोलावलं. टेबलावर पिस्तूल, नळीतून ओवलेली केशरी दोरी. ती दोरी असली की पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. दोरी काढायची, पिस्तूल उचलायचं, निशाणावर धरायचं. माझी वळायची परीक्षा झाली होती, ऐकू आलं नाही असं दाखवायची मला सवयच आहे; आवाजाची बाकी होती. कॉलेजची दोन पोरं पहिल्याच हाकेला वळली आणि बॅगा उचलून हसत घरी गेली. त्यांना पुढची बॅच होती. सिस्टरांना नव्हती. त्या उद्या कुठे असणार होत्या आणि किती दिवस, ते आम्हाला दोघींनाच माहीत होतं.

सिस्टर उभ्या राहिल्या. साडीचा पदर खोचलेला, डावा हात कमरेला. सरांनी त्यांना नावाने हाक मारली. त्यांचं ते दारावरच्या पाटीवरचं नाव. त्या हलल्या नाहीत. मला हसू आलं, कारण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारतच नाही. सरांच्याही ते लक्षात आलं असावं.

“हिला घरी कोन काय बोलतं?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

“मंग तू मार हाक. हितून नाय, त्या टोकाला जा. तुझी पन परीक्षा होऊन जाऊ दे.”

मी हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते मला अजिबात आवडत नाही. सिस्टरांची पाठ तिथून लहान दिसत होती. मला माहीत होतं की मी नीट हाक मारली तर त्या वळतील, आणि वाईट मारली तर मी घरी जाईन. वाईट मारायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही.

“सिस्टर!”

हॉलमध्ये आवाज घुमला. त्यांचे खांदे खाली पडले, रोजच्यासारखे. उजवी टाच उचलली गेली. मी ती टाच बघत होते. ती थोडा वेळ हवेत होती, मग जमिनीवर टेकली.

सिस्टरांनी हात खाली आणला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी पुढे. केशरी दोरी हातात घेतली आणि सुईत ओवावी तशी सावकाश नळीत ओवली. बोट ताठ. मग त्या वळल्या.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“पास,” सर म्हणाले. “दोगी पास.”

त्या दिवशी प्रत्येकाला पाच छर्रे मारायला दिले. माझे कागदाला लागले. सिस्टरांचे चार लागले आणि पाचवा कुठे गेला ते कुणालाच सापडलं नाही. सर बराच वेळ मागच्या फळीवर शोधत होते. “पाच टोचले की एखादी शीर चुकतेच,” सिस्टर म्हणाल्या. दरम्यान त्यांचा फोन पर्समध्ये वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. त्यांनी एकदाही पर्सकडे पाहिलं नाही. निशाणाकडे बघत त्या उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे जागच्या जागी होते.

त्या सोमवारी गेल्या त्या गेल्याच. वहिनी उठून चालायला लागल्या, तर मग भावाची छाती दुखायला लागली. आता त्या तिथेच असतात. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे. मी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडते, टिकली अजून भिंतीवर आहे. मी वर्ग पुरा केला, आता रविवारी नव्यांना केशरी दोरी कशी ओवायची ते दाखवते. बी-विंगमधल्या काकू मला जिन्यात विचारतात, “सिस्टर कधी येणार?” मला विचारलं की मी उत्तर देते.

फोन केला तर त्या लगेच उचलत नाहीत. उचलल्यावरही आधी काहीतरी टेकल्याचा आवाज येतो, भांड्याचा नाहीतर कळशीचा. मग त्या म्हणतात, “हां, बोल.”

पण मला त्या आठवतात त्या हायवेवरच्या थांब्यावरच्या. सोमवारी सकाळी मी त्यांना एसटीवर सोडायला गेले होते. त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, मी घ्यायला गेले तर देईनात. एसटी थांबली, दार उघडलं. त्या दारापर्यंत गेल्या, एक पाय पायरीवर टाकला. मी मागे होते. मला काही सांगायचं नव्हतं, द्यायचं राहिलेलंही नव्हतं. तरी मी हाक मारली. ट्रकांच्या आवाजातून ऐकू जाईल अशी.

“सिस्टर!”

“चला मावशी, लवकर,” कंडक्टर म्हणाला.

सिस्टरांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. एक पिशवी जमिनीवर ठेवली, ती कलंडणार नाही असं बघितलं. मग दुसरी तिच्या शेजारी. कंडक्टर परत काहीतरी म्हणाला. दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्या वळल्या, अख्ख्या, टाचेपासून.

“बोल.”

“काही नाही,” मी म्हटलं.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडे तोंड करून. मग वाकून त्यांनी पिशव्या उचलल्या.